वली कशासाठी?

आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. घाट चढून वर गेलं की बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी. नमाजात हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्यानं म्हणायचं की मनातल्या मनात, असल्या फरकांनी कुणाचं काही अडत नाही. कराडचा पाहुणा आमच्या मशिदीत आमच्या इमामामागे उभा राहतो. आमचा मुलगा शिकायला पुण्याला गेला की तिथल्या जमातीत मिसळून जातो. निकाहाच्या बाबतीत मात्र या दोन मजहबांत, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरांत, एक फरक असा आहे की मुलींची आयुष्यं त्यावर फिरतात. इमाम अबू हनीफांच्या मते वयात आलेली, शहाणी बाई आपला निकाह आपण करू शकते. वलीची, म्हणजे मुलीच्या बाजूच्या पालकाची, संमती असली तर उत्तमच, पण नसली म्हणून निकाह बुडत नाही. फार तर, नवरा बरोबरीचा नाही अशी तक्रार घेऊन वली काझीकडे जाऊ शकतो. इमाम शाफईंच्या मते वलीशिवाय निकाहच नाही. मग मुलगी तिशीची असो, डॉक्टर असो, नाहीतर विधवा असो. मुलगी देत असल्याचे शब्द बापानं, बाप नसेल तर आजोबानं, मग भावानं, चुलत्यानं, किंवा त्यांनी नेमलेल्या वकिलानंच, म्हणजे प्रतिनिधीनंच, उच्चारायचे.

मी शाफई घरात जन्मले आणि शाफईच राहणार आहे. खाडीकाठच्या आमच्या गावातल्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा उर्दूतून फिकहची, म्हणजे धर्मकायद्याची, पुस्तकं नीट वाचायला घेतली, कारण ज्या नियमानं माझ्या लेकीबाळींचं आयुष्य ठरतं तो नियम मला ऐकीव नको होता. वली असावा असं मला आजही मनापासून वाटतं. मुंबईला जाऊन दोन अनोळखी गवाह उभे करून लग्न केलेल्या आणि सहा महिन्यांत टाकून दिलेल्या मुली माझ्याकडे येऊन बसल्या आहेत. त्यांचा मेहर किती ठरला होता हे सांगणारं कुणी नव्हतं. मुलाची चौकशी कुणी केलेली नव्हती आणि नवऱ्याच्या दारात जाऊन जाब विचारायलाही कुणी नव्हतं. वली असतो तो यासाठी. पण आमच्या मोहल्ल्यात वली म्हटलं की एकच गोष्ट समजतात, ती म्हणजे नकार देण्याचा हक्क. माझं भांडण त्याच्याशी आहे.

शाफई मताचा मोठा आधार हदीसचा. हजरत अबू मूसा अशअरींनी सांगितलेली हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे: वलीविना निकाह नाही. हजरत आयेशांकडून (र.) आलेली दुसरी त्याहून कडक आहे. वलीच्या परवानगीवाचून जिनं लग्न केलं तिचा निकाह रद्दबातल, आणि हे पैगंबरांनी (स.) तीनदा सांगितलं. याच हदीसच्या शेवटी असंही आहे की वलींमध्ये तंटा झाला तर जिला वली नाही तिचा वली सुलतान. हा शेवट आमच्याकडच्या बयानात क्वचितच ऐकू येतो. हनफी मंडळी त्यावर इमाम मालिकांच्या मुवत्ता या हदीससंग्रहातली हकीकत पुढे ठेवतात. आयेशांचे भाऊ अब्दुर्रहमान शामदेशी गेले असताना त्यांच्या मुलीचा, हफ्साचा, निकाह आयेशांनीच जुळवून दिला. भाऊ परतले, चिडले, म्हणाले, माझ्यासारख्याला डावलून हे असं करायचं? पण निकाह टिकला. शाफई उलमा म्हणतात की आयेशांनी फक्त जमवलं, शब्द दुसऱ्या पुरुषानं उच्चारले. हा वाद हजार वर्षांचा आहे. तो मिटवणं माझ्या आवाक्यातलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

मला गरज वाटते ती मअकिल बिन यसारांच्या गोष्टीची. ती बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. मअकिलनी आपल्या बहिणीचं लग्न लावून दिलं. नवऱ्यानं तिला तलाक दिला, इद्दत, म्हणजे तलाकनंतरची थांबण्याची मुदत, संपू दिली आणि मग पस्तावून पुन्हा मागणी घालायला दारात आला. मअकिल संतापले. मी तुला बहीण दिली, तुझा मान राखला, आणि तू तिला सोडलंस! आता खुदाची शपथ, ती तुझ्याकडे परत येणार नाही. भाऊ म्हणून हा राग कुणाला कळणार नाही? माझ्या नात्यात असं घडलं असतं तर मीही हेच बोलले असते. पण सांगणाऱ्यानं पुढे एक छोटी गोष्ट जोडली आहे. माणूस वाईट नव्हता, आणि बहिणीला त्याच्याकडे परत जायचं होतं. तेव्हा सूरह बकराची २३२ वी आयत उतरली. बायकांना त्यांच्या नवऱ्यांशी पुन्हा लग्न करण्यापासून रोखू नका, दोघं रीतीप्रमाणे राजी असतील तर. मअकिलनी आयत ऐकली, राग गिळला आणि बहिणीचा निकाह त्याच माणसाशी स्वतः लावून दिला.

या एका प्रसंगावरून दोन्ही मजहब उलट्या दिशांना जातात. हनफी म्हणतात, बघा, लग्न करण्याची क्रिया आयतीत बाईच्या नावावर आहे. शाफई म्हणतात, भावाच्या हाती काही अधिकारच नसता तर त्याला रोखू नको असं सांगायची वेळ का आली असती? मला हा शाफई तर्क पटतो. पण खुद्द इमाम शाफई तिथे थांबलेले नाहीत. किताब अल-उम्ममध्ये या आयतीवरून ते दोन गोष्टी एका दमात काढतात: बाईच्या लग्नात वलीला हक्क आहे, आणि ती रीतीला धरून लग्नाला राजी असेल तर तिला न अडवणं हे वलीवर बंधन आहे. गाझ्यात जन्मलेला, मक्केत वाढलेला आणि इसवी सन ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारलेला हा माणूस हक्क आणि बंधन एकत्र बांधून गेला. आम्ही कोकणात हक्क तेवढा उतरवून घेतला.

वलीनं विनाकारण अडवून धरण्याला फिकहमध्ये अज्ल म्हणतात. वयात आलेल्या मुलीनं बरोबरीच्या मुलाशी लग्न लावून द्या अशी मागणी केली आणि वलीनं नकार दिला, तर ते अज्ल. मेहर कमी आहे हे कारणसुद्धा शाफई कायद्यात चालत नाही, कारण मेहर तिचा आहे. ती कमी घ्यायला राजी असेल तर वलीनं बोलायचं कारण नाही. काझीनं वलीला बोलवायचं, समजवायचं, आणि तरी तो हटून बसला तर काझीनं स्वतः तिचा निकाह लावायचा. इंडोनेशिया आणि मलेशिया हे देश आमच्यासारखेच शाफई. तिथे अशी मुलगी धार्मिक न्यायालयात अर्ज करते, बापाची सुनावणी होते आणि न्यायालयाला पटलं तर सरकारी वली उभा राहतो. आपल्याकडे १८८० चा काझी कायदा आहे, पण त्यानं काझीला न्यायदानाचा कसलाच अधिकार दिलेला नाही. म्हणजे वलीची अट आमच्यापर्यंत पूर्ण पोचली आणि तिच्यावरचा लगाम वाटेत राहिला. चावडी नसलेल्या गावात पाटील मनाला येईल तसा वागतो, तसं झालं आहे.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले आणि भाचीच्या लग्नात अनुभवलं. ती नर्स आहे. तिनं पसंत केलेला मुलगा डिप्लोमा झालेला, लोटे एमआयडीसीत नोकरीला, पाच वेळचा नमाजी. त्याचं घर बंदरावरचं, दालद्यांचं, म्हणजे मासेमार मुसलमानांचं. वडिलांची स्वतःची होडी. माझा भाऊ कुवेतला. फोनवर तो मला म्हणाला, “आपा, दालद्यांत मुलगी द्यायची? आणि वली मी आहे. मी नाही म्हटलं की निकाह नाही. हे मी नाही सांगत, दीन सांगतो.”

मी म्हटलं, “दीन त्याच्या पुढेही सांगतो. ते ऐकशील?”

“नंतर बघू,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी जमातीतल्या एका जाणत्या माणसाकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, “बाई, बाप राजी झाला की या.”

इथे मला आमचे जुने लोक आठवतात. आमच्या वाडवडिलांतले निम्मे पुरुष जहाजावर. कुणी मुंबईच्या गोदीतून निघालेला रंगूनला, कुणी आफ्रिकेच्या किनाऱ्याला. वर्ष वर्ष पत्र नाही. मुलगी लग्नाची झाली तर काय करायचं? शाफई ग्रंथांत त्याची सोय आहे. जवळचा वली दोन मजला लांब असेल, म्हणजे प्रवासात नमाज कमी करता येते इतक्या अंतरावर, आजच्या हिशेबात सुमारे ऐंशी किलोमीटर, तर निकाह काझी लावू शकतो. समुद्रावरच्या बापापायी मुलीनं खोळंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. आता बाप कुवेतला असला तरी खिशातल्या फोनवर आहे. तो राजी असेल तर अंतर मोजायची वेळच येत नाही. व्हिडिओ कॉलवर खतीबसाहेब त्याचा चेहरा बघतात, तो म्हणतो मी तुम्हाला वकील केलं, आणि काम होतं. राजी नसेल तर त्याला गैरहजर म्हणायची वाट मात्र फोननं बंद केली. उरते ती अज्लची वाट, आणि ती ऐकून घेणारं कुणी नाही.

भावाचा आक्षेप पोकळ होता असं मी म्हणणार नाही. वराची बरोबरी तपासताना शाफई ग्रंथ धंदासुद्धा बघतात. दमास्कसच्या इमाम नववींचं मिन्हाज आमच्या मजहबातलं मोठं प्रमाण. नववी १२७७ मध्ये वारले. त्यांनी लिहून ठेवलंय की झाडूवाला, रक्त काढणारा, पहारेकरी, मेंढपाळ आणि हमामातला नोकर हे शिंप्याच्या मुलीच्या बरोबरीचे नाहीत, शिंपी व्यापाऱ्याच्या मुलीच्या बरोबरीचा नाही, आणि व्यापारी आलिमाच्या किंवा काझीच्या मुलीच्या बरोबरीचा नाही. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात मासे पकडणारा नाही, आणि मेंढपाळ आहे. मेंढरं राखली नाहीत असा एकही नबी झाला नाही, आपण स्वतः मक्केवाल्यांची राखली, असं खुद्द पैगंबरांनी (स.) सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. नववींसारखा मोठा आलिम हे जाणत नव्हता असं कसं म्हणू? ते त्यांच्या शहरातली रीत लिहीत होते. कुठल्या कामाला कुठे कमीपणा मानतात हे त्या त्या ठिकाणच्या रिवाजावर ठरतं, असं फुकहाच, म्हणजे फिकहचे जाणकारच, म्हणतात. मग रिवाज बदलू शकतो हेही आलंच. मदीन्यात फातिमा बिन्त कैस या कुरैशी घराण्यातल्या बाईला मुआविया आणि अबू जह्म अशा दोन नामांकित कुरैश्यांची मागणी आली होती. पैगंबरांनी (स.) तिला सुचवला उसामा, मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. तिला आधी ते रुचलं नाही. नंतर तिनं लग्न केलं आणि त्यात सुखी झाल्याचं स्वतः सांगितलं. भावाला मी हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

आता अवघड भाग. आमच्या मजहबात बापाला आणि आजोबाला एक अधिकार आहे जो भावाला, चुलत्याला नाही. कुमारी मुलीचा निकाह ते तिला न विचारताही लावू शकतात. अटी आहेत: मुलगा बरोबरीचा हवा, बापलेकीत उघड वैर नको. विचारणं चांगलं, पण विचारलंच पाहिजे असं नाही. मुलीनं एक बरोबरीचा मुलगा सांगितला आणि बापानं दुसरा बरोबरीचा दाखवला तर बापाचं चालेल, असंही मिन्हाजमध्ये आहे. मी हे लपवून पुढे जाणार नाही. शाफई राहूनही हे मत मला मान्य नाही, आणि त्याचं कारण मजहबाच्या बाहेरून आणलेलं नाही. नसाई आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत एका तरुण मुलीची हकीकत आहे. बापानं तिचं लग्न पुतण्याशी लावलं, तिच्या नात्यानं पुतण्याचा दर्जा वाढावा म्हणून. ती तक्रार घेऊन आली. पैगंबरांनी (स.) बापाला बोलावलं आणि निर्णय तिच्या हातात दिला. तेव्हा ती म्हणाली की बापानं केलेलं मी मान्य करते. मला फक्त बायकांना कळू द्यायचं होतं की या बाबतीत बापांचा हक्क चालत नाही. लग्न मोडायचं नव्हतं तिला. तरीही ती आली. तिच्यामागून येणाऱ्या साऱ्याजणींसाठी आली. या हदीसच्या सनदीवर, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवर, हदीसच्या अभ्यासकांनी चर्चा केली आहे, पण बुखारीतली खन्साची हकीकत पक्की आहे. तिच्या बापानं मनाविरुद्ध लावलेला निकाह पैगंबरांनी (स.) रद्द केला. ती कुमारी नव्हती, म्हणून शाफई फुकहा तिला वेगळ्या खणात ठेवतात. मनाविरुद्ध लावलेल्या निकाहाचं ओझं कुमारी मुलीला हलकं कसं लागेल, हे मला कुठल्याही ग्रंथात सापडलेलं नाही.

आणि बरीरा. गुलामगिरीतून सुटल्यावर तिला गुलाम नवऱ्याकडे राहायचं की नाही हे ठरवण्याची मुभा मिळाली. तिनं सोडलं. नवरा मुगीस मदीन्याच्या गल्ल्यांतून रडत तिच्यामागे फिरायचा, दाढी आसवांनी भिजलेली. पैगंबरांना (स.) त्याची दया आली, त्यांनी तिला परत जा म्हणून सुचवलं. तिनं विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी रदबदली करतोय. मग मला तो नको, म्हणाली. अल्लाहच्या रसूलनं रदबदली करून नकार मान्य केला. त्यांच्या उम्मतीतल्या बापाला त्याहून जास्त काय हवं?

कायद्यानं मुलींना एक पळवाट फार पूर्वी दिली. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हा खटला आला. बाप शाफई. मुलगी वयात आल्यावर हनफी झाली आणि बापाच्या संमतीशिवाय तिनं लग्न केलं. न्यायालयानं ते वैध ठरवलं: वयात आलेली सुन्नी स्त्री चारांपैकी हवा तो मजहब निवडू शकते. वकील लोक आजही हा निवाडा दाखवतात, आणि अडलेल्या मुलीला तो मीही सांगेन. पण मला तो बोचतो. बापाच्या हट्टापायी मुलीनं आपला मजहब का सोडायचा, जेव्हा त्याच मजहबात तिच्या बाजूची तरतूद लिहून ठेवलेली आहे? उलटही होतं. केरळमधल्या हादियाच्या प्रकरणात २०१७ साली तिथल्या उच्च न्यायालयानं, लग्नासारखा निर्णय आई-वडिलांच्या सहभागानंच व्हावा असं म्हणत एका प्रौढ मुलीचा निकाह रद्द केला. ८ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं तो परत उभा केला. वलीचा मोह फक्त मौलवींना असतो असं नाही.

आमच्याकडे सुधारणेची चर्चा झाली ती तलाकवर. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, तो प्रश्नही तलाकचा आणि सवतीचा. तो लढा गरजेचाच होता. पण लग्नातून बाहेर पडण्याच्या दारावर जेवढं बोललो तेवढं आत शिरण्याच्या दारावर बोललो नाही.

भाचीचा निकाह शेवटी झाला. वर्ष उलटून गेलं होतं. भाऊ माझ्या हदीसांना बधला नाही. आमच्या अम्मीनं फोनवर त्याला सांगितलं की पोरगी सुकत चालली आहे, तू येऊन बघ. तो आला, बंदरावर जाऊन मुलाच्या वडिलांना भेटला, त्यांच्याबरोबर जुहरची नमाज पढला. सुट्टी संपली म्हणून परत गेला आणि निकाहाला वकालत कुवेतहून दिली.

त्या दिवशी मी तिच्याजवळ होते. आतल्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मोगऱ्याचा आणि घामाचा वास, दारात वकील आणि दोन गवाह. वकिलानं मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहरची रक्कम एका श्वासात म्हटली आणि विचारलं, कबूल आहे? ती बोलायच्या आधीच मागून दोघी-तिघी म्हणाल्या, हो म्हण गं, हो म्हण. एकीनं तिचं डोकं हलकेच पुढे दाबलं. माझ्या भाचीला हो म्हणायचंच होतं, तिनं म्हटलंही, स्पष्ट. पण ते हात आणि ते आवाज मी लहानपणापासून प्रत्येक निकाहात पाहत आले आहे. त्या खोलीत नाही म्हणायला जागाच नसते. कुमारीचं मौन हाच तिचा होकार, ही हदीस तिच्या लाजेची कदर म्हणून आली. विचारून झाल्यावरचं मौन, ही तिची अट आहे. जुन्या फुकहांनी तर रडण्याचाही विचार केला. हनफी ग्रंथांत लिहिलंय की हुंदका न काढता आलेली आसवं माहेर सुटण्याची, ती होकारात धरावी. आक्रोश असेल तर तो नकार. काहींनी तर आसू गरम की थंड हेही बघायला सांगितलं. त्या पुरुषांनी मुलीच्या चेहऱ्याकडे किती बारकाईनं बघायचा प्रयत्न केला होता! आमच्या वकिलाची नजर रजिस्टरवर होती.

मी जमातीकडे दोन मागण्या लेखी दिल्या. पहिली: निकाहाच्या आठ दिवस आधी जमातीनं नेमलेल्या बाईनं मुलीला एकटीला भेटावं, आईबापांच्या माघारी विचारावं आणि तिचं उत्तर दफ्तरात लिहावं. दुसरी: मुलगी वलीविरुद्ध तक्रार घेऊन आली तर बापाला बोलावून ऐकावं, महिन्याभरात ठरवावं, आणि अज्ल दिसलं तर खतीबांनी निकाह लावावा. काझी नसेल तिथे वधूवरांनी मिळून एखाद्या न्यायी माणसाला अधिकार द्यावा, ही वाट शाफई पुस्तकांतच आहे. तो उतारा मी अर्जाला जोडला. पहिली मागणी मान्य झाली, आणि पहिल्या दोन मुलींना मीच भेटले. त्यांतली एक म्हणाली, शिक्षण पुरं होऊ दे. तिच्या बापानं तारीख पुढे ढकलली. दुसऱ्या मागणीवर म्हणाले, बापाच्या डोक्यावरून कसं जायचं, विचार करू. बकरी ईदनंतरच्या बैठकीत ती पुन्हा मांडणार आहे. भाऊ तेव्हा सुट्टीवर असेल. चल म्हटलंय त्याला.